हेडलाइटमधला चेहरा

गिरणी संपाच्या साली एका पेपरासाठी मी जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाचे फोटो काढत होतो. एक गिरणीमालक फेटा बांधून मोटारीशेजारी असे उभे होते, जणू तिला त्यांनीच जन्म दिला. मोटार पुसणारा माणूस मात्र मी कॅमेरा उचलला की मडगार्डमागे दडे.

"या की फोटोत," मी म्हटलं.

"नको साहेब," तो कुजबुजला. "ह्यांच्याच मिलचा मी, संपावर आहे. लालबागला समजलं ना शेटची गाडी पुसतो, तर चाळीत बायकोला नळावर उभी करणार नाहीत."

तो माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला आणि एकदम ओरडला, "थांबा!" हेडलाइटच्या निकेलवर, माझ्या खांद्यामागे, त्याचाच चेहरा लख्ख दिसत होता. स्वतःविरुद्धचा पुरावा इतका मन लावून घासणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. धावत जाऊन त्याने त्यावर तेलकट फडकं फिरवलं. तो बाजूला होताच मी घाईघाईने फोटो घेतला.

"आंधळा झालास काय रे?" मालक खेकसले. "पूस परत!"

"चुकलं, शेट."

तो वाकून पुसू लागला. दर हाताला त्याचा चेहरा निकेलवर उजळत गेला, आणि पलीकडून दुसऱ्या पेपरांचे फोटोग्राफर येत होते.