उदारामची तीन चाकं

गाडी चालवणाऱ्याला गाडीतलं काही कळतं, यावर सौंदडच्या उदारामचा काडीचाही विश्वास नव्हता. तीस वर्षं त्याने राइस मिलमध्ये फिटरचं काम केलं होतं. नुसता बेअरिंगचा आवाज ऐकून कोणता पट्टा कधी तुटणार हे तो सांगायचा. त्यामुळे ज्याने आपल्या गाडीचं बॉनेट जन्मात उघडलं नाही असा माणूस काच खाली करून हात हलवू लागला, की उदाराम तोंड फिरवून थुंकायचा.

त्यातही सगळ्यात जास्त राग शालीकरामचा. रेल्वे फाटकाजवळ शालीकरामचं ऑटो दुरुस्तीचं दुकान होतं. ‘जुना पार्ट काढते अन् नवा ठोकते,’ उदाराम म्हणायचा. ‘याले मिस्त्री म्हणाचं तं मिलमधला पोते उचलणाराही इंजिनीयर झाला.’ दहा वर्षं तो हे सांगत होता. दुकानात मात्र एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गावात एक वरात आली. नवरदेव जुन्या जमान्यातल्या मोटारीत बसलेला. लांब नाक, गोल दिवे, पितळी भोंगा. अख्खा गाव मोबाईल काढून धावला. उदाराम गर्दीतून वाट काढत पुढे गेला आणि मडगार्डवर टिचकी मारली. टप असा पोकळ आवाज आला.

‘फायबर हाये,’ तो मोठ्याने म्हणाला. ‘खाली ई-रिक्षा, वर पलास्टिकची बालटी. अन् तुमी फोटो काढून राहिले!’

‘मंग तुमी बनवा ना काका खरी,’ गाडीवाला हसत म्हणाला.

‘बनवतो,’ उदाराम म्हणाला, आणि लग्नात न जेवता घरी गेला.

गोठ्यातल्या म्हशी त्याने अंगणात आणून बांधल्या. भंगारातून साडेतीनशे सीसीची जुनी मोटारसायकल आणली, तिचं इंजिन काढून खोललं, धुतलं, पुन्हा बांधलं. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि त्या एकाला चेन. पुढे एकच चाक ठेवलं तर वळणावर गाडी कलंडते, हे कळायला शाळा लागत नाही असं तो म्हणे. तेलाचे ड्रम कापून, वाळूच्या पोत्यावर ठोकून त्याने पत्र्याला गोलाई दिली. सगळं अस्सल लोखंड. लोक डोकावायचे, ‘उलटी ऑटो बनवून राहिला का काका?’ विचारायचे. उदाराम वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढून घ्यायचा. ढोरांना काय उत्तर द्यायचं?

फक्त बायकोला, शामकलाला, उत्तर देणं भाग होतं. मोटारीच्या नाकावर त्याने मिलमधली तांदळाची जुनी चाळणी बसवली तेव्हा ती गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

‘इंजिन तं मांगं हाये. मंग या नाकात काय हाये जी?’

‘काही नाही.’

‘मंग चाळणी कायले?’

‘जुन्या मोटारीले राहते.’

‘म्हणजे नवरदेवाची गाडी खोटी होती, अन् हे खरी?’

उदारामने हातोडा उचलून उगाचच एक सरळ पत्रा ठोकायला घेतला.

दिवाळीनंतर गाडी रस्त्यावर आली. गाव गोळा झालं. त्याने कुणाला हात लावू दिला नाही, शामकलाला शेजारी बसवलं आणि तिच्या भावाच्या गावाला नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्याने निघाला. दोन्ही बाजूंनी धान कापणाऱ्या बायका विळे थांबवून बघत होत्या. उदाराम समोर बघत होता, मान ताठ. आणि समोरून धानाने भरलेली ट्रॉली घेऊन गावातल्याच ओमेशचा ट्रॅक्टर आला.

‘काका, मांगं घ्या. त्या वळणापर्यंत घ्या, मंग मी निंगतो.’

‘तू घे मांगं.’

‘भरली ट्रॉली हाये, नहरेत जाईन ना मी! तुमची तं येवढीशी गाडी. टाका रिव्हर्स.’

उदारामने भोंगा वाजवला. शामकलाने त्याच्याकडे पाहिलं.

‘रिव्हर्स नाही का जी?’

‘मोटारसायकलले कुठं राहते रिव्हर्स?’ तो दातांतल्या दातांत म्हणाला.

‘मंग मोटारसायकलच म्हणा ना तिले!’

ओमेश इतका हसला की त्याला ट्रॅक्टर बंद करावा लागला. शेतातून धान कापणारी प्रेमिला आणि तिच्या सोबतच्या सहा बायका वर आल्या, साडीचे पदर खोचून गाडीच्या नाकाला टेकल्या. शामकलाही उतरून त्यांच्यात उभी राहिली. फायबरची असती तर दोघींनी ढकलली असती, पण हे अस्सल लोखंड होतं.

‘कितीक जड हाये वं बाई हे!’ प्रेमिला धापा टाकत म्हणाली. ‘काका, तुमाले जमते ना सीधं धराले?’

दोनशे पावलं उदाराम मागे गेला, सुकाणू हातात आणि आठ बायका तोंडासमोर.

आठ दिवस गाडी ताडपत्रीखाली राहिली. नवव्या दिवशी तो शालीकरामच्या दुकानात जाऊन उभा राहिला. शालीकराम डबा खात होता. त्याने सावकाश घास संपवला.

‘रिव्हर्सचा डबा पायजे,’ उदाराम म्हणाला.

‘कायले?’ सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट शालीकराम विचारत होता.

‘गाडी मांगं जात नाही.’

‘बनवतानी ध्यानात नाही आलं?’

‘नाही.’

मशीनच्या बाबतीत उदारामच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. शालीकराम हात धुऊन सोबत आला, ताडपत्री काढली, गाडीखाली आडवा झाला. बोटाने एकेक सांधा चाचपला. मग बाहेर येऊन म्हणाला, ‘वेल्डिंग साजरी हाये. ते चाळणी फेकून द्या.’

मोडीत निघालेल्या मालवाहू ऑटोचा रिव्हर्सचा डबा त्याने आणला. तो चेनच्या दातेरी चाकाला जुळेना. आता हा नवा पार्ट आणायला गोंदियाला पाठवणार, म्हणून उदाराम मनातल्या मनात शिव्या जुळवत बसला. पण शालीकरामने लोखंडाचा एक तुकडा शिकंज्यात धरला आणि कानशीने घासायला घेतला. दुपारभर घासला. मधूनमधून नखाने चाचपून बघे. शेवटी बसवला तेव्हा केसभरही हलला नाही. उदाराम त्या बोटांकडे बघत राहिला. आपण दहा वर्षं काय बोलत होतो ते त्याला आठवलं, आणि कान तापले.

‘चहा घ्या,’ तो म्हणाला. आजवर रस्त्यात भेटला तर तो शालीकरामला ‘का रे’ म्हणायचा.

मग शालीकराम दर रविवारी येऊ लागला, आणि चौथ्या रविवारी गाडी मागे गेली. थेट अंगणात, म्हशीच्या पाण्याच्या टाक्याला धडकेपर्यंत. चाळणी तेवढी उदारामने काढली नाही.

माणसांबद्दलचं त्याचं मत काही बदललं नाही. फरक इतकाच, की शनिवारच्या बाजाराला जाताना तो दुकानापुढे भोंगा वाजवतो आणि शालीकराम चिंधीला हात पुसत शेजारी येऊन बसतो. ‘आंधी एकटेच लोकायले नावं ठेवत,’ शामकला म्हणते, ‘आता जोडी झाली.’

परवा फाटक बंद होतं. मालगाडी लांब होती. मागे एक ट्रक येऊन थांबला आणि गुरगुरत राहिला. दोघांनी एकदमच कान टवकारले.

‘टॅपेट,’ शालीकराम म्हणाला.

‘महिनाभरात इंजिन बसते,’ उदाराम म्हणाला. ‘सांगाचं का त्याले?’

शालीकरामने मागे वळून ड्रायव्हरकडे पाहिलं. तो आरशात भांग पाडत होता.

‘राहू द्या,’ शालीकराम म्हणाला.