किती वेळ थांबायचं

ज्या संगणकभाषेसाठी मी बेलापूरला गावाकडच्या घरी बसून फुकट राबतो, तिच्यासोबत काही तयार हत्यारं मिळतात. त्यातलं एक थ्रेडचं, म्हणजे एकाच प्रोग्रॅमला एका वेळी चार कामं करायला लावणारं. ही चारही कामं एकाच वस्तूवर तुटून पडू नयेत म्हणून जे आधी येतं ते तिला कुलूप लावतं आणि बाकीची थांबतात. हत्यार जुनं, बोजड. ते नव्यानं घडवायचं मी अंगावर घेतलं आणि वर्षभर डोकं पिकवून घेतलं. एका फंक्शनचं नाव काय ठेवायचं यावर माणसं महिनोन्महिने भांडली. बारशाला आत्यासुद्धा एवढा वेळ लावत नाही.

जुन्यातलं मी बरंच काढून टाकलं. त्यात एक सोय होती, कुलपापाशी जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं ते सांगण्याची. मला ती भित्र्या माणसाची सोय वाटायची. परदेशातले एक वयस्कर गृहस्थ मात्र प्रत्येक बैठकीत विचारायचे, "आणि कुलूप उघडलंच नाही तर?" प्रोग्रॅम नीट लिहिला असेल तर उघडतंच, असं मी दर वेळी त्यांना ऐकवायचो.

अखेर एका ऑनलाइन बैठकीत माझ्या नव्या हत्याराच्या मसुद्याचा निकाल लागायचा होता. नेमकी त्याच दिवशी रस्ता खोदताना कुणीतरी आमची इंटरनेटची केबल तोडली. माझ्या मोबाईलला घरात रेंज नाही. म्हणून थोरल्या भावाचा, दादाचा, मोबाईल हॉटस्पॉट लावून ओसरीकडच्या खिडकीत ठेवला, खोलीला आतून कडी घातली आणि कानाला हेडफोन लावले.

"विश्वास ठेवा, ज्याच्याकडे कुलूप आहे तो आपण होऊन—" एवढं मी बोललो आणि पडद्यावरचं सगळं गोठलं. ते गृहस्थ जांभईच्या मध्यावर अडकले. खिडकीत मोबाईल नव्हता. दादाला फोन आला असेल, बोलून ठेवील परत, म्हणून मी बसून राहिलो. जांभई बघत.

बऱ्याच वेळानं वहिनी खोली झाडायला आल्या, आतून कडी बघून दार वाजवलं.

"अहो भाऊजी, तुम्ही घरातच? मग मोटार कोण चालू करतंय? लाईट केव्हाची आलीय."

मी खिशात हात घातला. मोटारीच्या पेटीची चावी. सकाळी मीच ऐटीत म्हणालो होतो, "दादा, लाईट आली की कांद्याला पाणी सोडायला मोटार मी चालू करतो, तू धावपळ करू नकोस."

वावरात दादा बाभळीखाली बसला होता. मोबाईल हातात.

"पेटीला कुलूप," तो म्हणाला. "म्हनलं, सायेब चावी घिऊन येतच असतील."

"मग घरी येऊन विचारायचं ना."

"तूच म्हनला हुतास, मी करतो. आन् मोबाईल दिसंना म्हनल्यावर तू का न्हाई आलास?"

"मला वाटलं, तू आणून ठेवशील."

"व्हय. मी तुजी वाट बघतोय, तू माजी. आन् कांदा दोघांची."

मी कुलूप काढलं, बटण दाबलं. मोटार घरघरली, पाणी पाइपाच्या तोंडाशी आलं आणि लाईट गेली. दादानं मोबाईल माझ्या हातात ठेवला आणि परत बाभळीखाली जाऊन बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मोबाईल जोडला तर बैठक संपलेली. गृहस्थांचा निरोप होता: "दहा मिनिटं तुमची वाट पाहिली, मग पुढचा विषय घेतला. तुमचा मसुदा पुढच्या बैठकीत."

दहा मिनिटं. त्यांनी ती सोय स्वतःला ठेवली होती.

पुढच्या बैठकीपर्यंत मी ती मसुद्यात गुपचूप परत घातली. मत कसं बदललं, असं गृहस्थांनी विचारलं. सखोल चिंतनातून, असं मी सांगितलं. केबल तोवरही जोडली नव्हती, त्यामुळे दादाचा मोबाईल पुन्हा खिडकीत आणि दादा खिडकीबाहेर हात पुढं करून उभा.

"पाच मिनटं थांबतो. मग मोबाईल नेनार."

मसुदा मंजूर झाला. वर्षभरात पहिल्यांदाच आमची बैठक वेळेत संपली.