हब लॉक केले होते

या सदरात येणारे भुताखेतांचे अनुभव मी आणि माझा मित्र सिद्धार्थ मिळून वाचायचो, ते हसायला. तो अंबडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा, माझं जुन्या जालन्यात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. भुताचा विषय निघाला की तो म्हणायचा, "मेलेला मानूस परत कशाला यील? हितं काय सुख लागून राह्यलंय?" आम्ही दोघंही पक्के न मानणारे. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते आहे... पण विचारायला दुसरी जागा उरली नाही.

आमची खरी भक्ती जुन्या फोर-व्हील गाड्यांवर. माझी जुनी डिझेल जीप, त्याची जिप्सी. रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं की आमची कोर्टकचेरी सुरू — चिखलात भारी कोण? माझं म्हणणं, जीपमध्ये दम आहे, लो गिअर टाकला की ती कुठूनही हळूहळू वर येते. त्याचं म्हणणं, काळ्या मातीत दम काय चाटायचा का, तिथे वजन हाच दुश्मन. हलकी गाडी वरच्या वर निघून जाते आणि जड गाडी आपला खड्डा आपणच खणते. बायका कंटाळल्या, गिऱ्हाइकं कंटाळली, आम्ही वर्षानुवर्षं भांडत राहिलो.

सगळ्यात जास्त तो चिडवायचा माझ्या हबवरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल चकती आहे, तोच हब. खाली उतरून ती हाताने 'लॉक'वर फिरवली, तरच फोर-व्हील टाकल्यावर पुढची चाकं ओढतात. 'फ्री'वर, म्हणजे उघडी, राहिली तर आतला दांडा कितीही ओढा, सगळा जोर मागच्याच चाकांना. डिझेल वाचतं म्हणून हे हब मीच हौसेने बसवून घेतले होते. सिद्धार्थने जिप्सीचे हब कायमचे लॉक करून टाकले होते आणि माझ्यावर हसायचा. "आधी तू फसनार, मंग उतरनार, मंग चिखलात हात घालून हब हुडकनार. तवर मी घरी जाऊन जेवलेलो अस्तो," असं त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी त्याने मला शेतावर जेवायला बोलावलं. जांब समर्थच्या अलीकडे त्याची मोसंबीची बाग आहे. जिप्सीचा गिअरबॉक्स खोललेला होता, म्हणून तो आणि वहिनी माझ्याच जीपमधून आले. सकाळी वाट कोरडी होती. आम्ही जेवत असताना परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली. हात धुवायला उठलेला सिद्धार्थ तसाच बांधावर बसला. छातीवर हात, अंगाला दरदरून घाम. मी अँब्युलन्सला फोन लावला. ती आली, पण डांबरी रस्त्यावरच थांबली, कारण मधला ओढा आणि काळ्या मातीची वाट ओलांडणं तिला शक्य नव्हतं. कपाशीच्या पलीकडे तिचा पांढरा टप आम्हाला दिसत होता.

आम्ही त्याला जीपमध्ये मागे झोपवलं, डोकं वहिनींच्या मांडीवर. मग मी हब लॉक केले.

हे वाक्य मी पूर्ण भानावर राहून लिहितो आहे. उजवा हब हाताने फिरला. डावा नेहमीच घट्ट असतो, म्हणून सीटखालची पक्कड काढली, चकती फिरवली, त्यात अंगठ्याचं कातडं निघालं. मागून सिद्धार्थने विचारलं, लॉक केले का. मी म्हणालो, केले. मला बरं वाटलं, की हा बोलतो आहे.

ओढ्याच्या काठावर, चिखल कुठे कमी आहे ते बघायला मी क्षणभर गाडी थांबवली. लख्ख ऊन पडलं होतं. तेव्हा तो बोलला.

"दत्ता, पुढच्या चाकापाशी कोन बसलंय?"

मी दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. म्हणालो, "कोनी न्हाई. तू बोलू नको, पडून राह्य."

"हब खोलून राह्यलाय त्यो. उठव त्याला."

आणि मी हसलो. मला वाटलं, या अवस्थेतसुद्धा गड्याला माझी खेचायची आहे, म्हणजे दुखणं एवढं मोठं नसावं. मी फोर-व्हील आणि लो गिअर टाकला आणि जीप ओढ्यात घातली.

मधोमध मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी खाली बसली. पुढचं चाक पाहिलं, तर ते हलत नव्हतं. निम्मं चाक चिखलात होतं, हब दिसतच नव्हता. हब लॉक आहेत याची खात्री असल्यामुळे मला वाटलं, पुढचा एक्सल तुटला. मी उतरून अँब्युलन्सकडे पळत सुटलो. तिथली माणसं स्ट्रेचर घेऊन गुडघाभर चिखलातून आली. त्याला घेऊन आम्ही रस्त्यावर पोचलो, तेव्हा सगळं संपलं होतं. अंबडच्या डॉक्टरांनी फक्त तसं सांगितलं.

दोनेक दिवसांनी ट्रॅक्टरने जीप बाहेर काढली. एक्सल शाबूत होता. मी बादलीने चाकं धुतली. उजवा हब फ्री. पलीकडे गेलो, डावाही फ्री. तिथेच खाली बसलो.

आमच्या गल्लीतल्या जुन्या मेकॅनिकला दाखवलं. त्याने दोन्ही खोलून पाहिले, झिजलेलं काहीच नव्हतं. म्हणाला, "दोनों एक साथ अपने आप कैसे खुलेंगे भाई?" मग जरा आवाज उतरवून, "पक्का लॉक किये थे ना?" तेव्हापासून ज्याला सांगतो तो हेच विचारतो. अंगठ्याची जखम दाखवावी, तर त्या दिवशी कुठली जखम कशाने झाली ते कोण सांगणार. पक्कड सीटखाली जागच्या जागी होती, पण त्याने तरी काय सिद्ध होतं.

माझा एकच आधार होता, सिद्धार्थचं बोलणं. त्याने पाहिलं होतं. आयुष्यभर असल्या गोष्टींना हसलेल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी पाहिलं होतं. त्याला श्रद्धांजली वाहायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर पाहुणे गेले आणि मी वहिनींजवळ विषय काढला. त्यांनीही ऐकलंच असणार. त्या चहाचे कप गोळा करत होत्या, त्या थांबल्या.

"ते काहीच बोलले न्हाईत, भाऊजी."

मी म्हणालो, ओढ्याच्या काठावर बोलला ना.

"त्यांचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. जीपमधी घातल्यापासून त्यांला शुद्धच न्हवती. तुमीच बोलत व्हता. एकटेच."

आवाजात राग नव्हता. त्यांनी मला कधीच दोष दिला नाही. उलट, अजून चहा टाकू का, म्हणून विचारलं. मी उठून बाहेर आलो आणि पायात चपला घालायच्या राहिल्या.

म्हणजे तो बोललाच नाही. मग तो आवाज कोणाचा होता? मी त्याच्यासोबत निम्मं आयुष्य भांडलो आहे, त्याचा आवाज मला कळणार नाही? आणि समजा तो आवाज नव्हताच, तर ती पक्कड, ती घट्ट चकती, तो अंगठा... तेही मला तेवढंच स्वच्छ आठवतं. एक खोटं धरलं की दुसरंही जातं. मग त्या चाकापाशी कोणीच बसलेलं नव्हतं, मी हब फिरवलेच नव्हते आणि माझा मित्र माझ्यामुळे गेला.

म्हणून मला आता ते भूत हवं आहे. कोणीतरी तिथे बसलेलं असावं, एवढंच मागतो. कुणाला असा अनुभव आला असेल तर कृपा करून लिहा. जीप घराच्या मागे उभी आहे. मी रोज रात्री दोन्ही हब लॉक करतो आणि सकाळी जाऊन बघतो, एकदा तरी आपोआप उघडलेले सापडतील म्हणून.

आजही बघून आलो. दोन्ही लॉकच आहेत.