मोडलेल्या कानात बसेल असा इअरफोन

कोल्हापुरात माझ्यापेक्षा माझ्या कानांना जास्त मान आहे. एसटीत चढलो की कुणीतरी सरकून जागा देतं, लग्नात पहिल्या पंगतीचं बोलावणं येतं आणि कधी न बघितलेला माणूससुद्धा 'पैलवान, या की' म्हणत चहा पुढं करतो. आता पोट सुटलंय, गुडघे कुरकुरतात, पैलवानकीची खूण म्हणावी तर हे दोन कानच उरलेत. कुस्तीत कानावर मार बसला की आत रक्त साकळतं. ते वेळेवर काढलं नाही तर घट्ट होतं आणि कान भज्यासारखा गोळा होऊन जन्मभर तसाच राहतो. आमच्याकडं त्याला मोडलेला कान म्हणतात आणि तो मिरवतात. मुलगी देताना माझ्या सासऱ्यांनी नोकरी विचारली नव्हती, नुसते कान बघितले होते.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि तीही कुस्ती खेळते. गेल्या महिन्यात राज्याच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. बक्षीस काय पाहिजे विचारलं तर म्हणाली, बिनवायरचे इअरफोन. मी लगेच हो म्हणालो. पुढं सरावात समोरच्या पोरीचं डोकं तिच्या उजव्या कानावर आदळलं आणि कान टम्म फुगला. डॉक्टरांनी बघून सांगितलं, शनिवारी दुपारपर्यंत या, सुईनं आतलं काढू, दाबून पट्टी बांधू, दोन आठवडे मॅटवर पाय ठेवायचा नाही. त्याच्यापुढं उशीर झाला तर कान असाच राहील.

स्पर्धेला अजून दोन महिने होते, म्हणजे तीही अडचण नव्हती. बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता काढून टाकूया. पोरगी म्हणाली, "मी न्हाय काढणार. मला पप्पांसारखा कान पायजे."

खरं सांगायचं तर मी फुगलो. बापाला आणखी काय पाहिजे असतं? बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी म्हणालो, "तिचा कान हाय, ती बघंल." त्यावर बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं. चार दिवस ताट समोर यायचं, शब्द यायचा नाही.

शनिवारी सकाळी पोरगी म्हणाली, चला, आज इअरफोन आणूया. दवाखाना दीडला बंद होतो हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी मुकाट्यानं गाडी काढली.

दुकान मंगळवार पेठेत, आमच्या जुन्या तालमीपासून चार पावलांवर. चालवणारी बाई पस्तिशीची असेल. तिच्या काउंटरवर फुटाण्यांची वाटी ठेवलेली असते. गिऱ्हाईकानं इअरफोन कानात घातला की ती मूठभर फुटाणे हातावर ठेवते आणि म्हणते, चावा. मला पहिल्यांदा वाटलं, आदरातिथ्य चाललंय.

"जबडा हलला की कानाचं भोक बी हलतंय," ती म्हणाली. "जे पडायचं ते हितंच पडूदे. घरला गेल्यावर पडलं की माझ्या नावानं शंख करतासा. आदी बसतंय का बघायचं, मग वाजतंय का. रंग शेवटी."

मला बाई आवडली. वस्तू घेण्याची हीच रीत. पण आवाजाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. लोक दुकानात जाऊन धाडधाड वाजणारी गाणी लावून बघतात. काहीही वाजतं त्यात! आवाज पारखायचा तर हलगी लावावी. काठीचा टोला आधी टणकन लागला पाहिजे आणि त्याच्यामागून कातड्याची घुमी आली पाहिजे. भिकार इअरफोनात ही दोन्ही एक होतात आणि पत्र्यावर दगड पडल्यासारखं ऐकू येतं. आयुष्यभर मैदानात हलगीच्या तालावर उतरलोय, एवढं मला कळतं. माझ्या फोनात एका मैदानातलं हलगीचं आणि तिच्या जोडीला वाजणाऱ्या कैताळाचं, म्हणजे पितळी टाळांचं, रेकॉर्डिंग आहे. तेच लावायला सांगितलं.

बाईनं पहिला जोड काढला. मी त्यातला एक दोन बोटांत धरला, डाव्या कानाजवळ नेला आणि ऐकलं.

"हलगी ठीक हाय," मी निकाल दिला. "पण घुमी न्हाय. आनि कैताळ तर वाजतच न्हाय ह्याच्यात. दुसरा काढा."

"काका, हातात धरून कुठं आवाज कळतोय? हवा निघून जाती आनि तिच्यासंगं घुमी बी. आत घाला."

आता खरी गोष्ट अशी की मी आयुष्यात कधी इअरफोन घातलेला नव्हता. कुणी विचारलं तर 'असली खेळणी आपल्याला नकोत' म्हणायचो. फोन नेहमी स्पीकरवर. माझ्या बहिणीचं तिच्या सुनेशी काय बिनसलंय हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण दोघी बघत होत्या. मी डाव्या कानात घातला. सोडला तसा पडला आणि काउंटरखाली गेला. बाईनं वाकून काढला, पुसला, लहान रबर चढवलं. पडला. मोठं रबर चढवलं. ते आत जाईचना. दांडीचा काढला, तो लोंबला आणि मग पडला. कानामागून आकडा येतो तसला काढला, तर आकडा अडकवायला कानाला काठच नाही. उजव्या कानाचं तर भोकच एवढं बारीक झालंय की तिथं रबर टेकेना. फुटाणे माझ्या हातावर तसेच राहिले.

"कुस्तीत मोडले व्हय?" बाईनं विचारलं.

हा प्रश्न आला की माझी गाडी सुटते. सीमेपलीकडचा पैलवान, माझ्यापेक्षा वीतभर उंच. भर उन्हात चाळीस मिनिटं कुस्ती, त्यानं मनगटानं घिस्सा मारून मारून दोन्ही कान सोलले, पण मी पाठ लावू दिली नाही, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. पोरगी माझ्यासोबत ओठ हलवत होती. तिला ही गोष्ट पहिलीपासून तोंडपाठ आहे. शेवटचं वाक्य तर तिनंच म्हणून टाकलं.

मग तिची पाळी आली. तिनं काळा जोड उचलला. डावा असा बसला की जणू मापानं शिवलाय. बाईनं फुटाणे दिले, पोरीनं चावले, मान हलवली, जागेवर चार बैठका मारल्या. हलला नाही. हलगी लागली तसा तिचा चेहराच बदलला. "पप्पा, लई भारी वाजतंय!" मग उजवा घ्यायला गेली. नुसता टेकला आणि तिनं डोळे घट्ट मिटले. काढून डबीत ठेवला.

"मी एकाच कानात घालतो की," ती म्हणाली. आमच्याकडं पोरीही येतो-जातोच म्हणतात.

बाई म्हणाली, "एका कानानं निम्मंच ऐकू येतंय गं. कान सुजलाय तुझा, डाक्टरला दाखीव की."

"दाखीवलंय. असाच ऱ्हाणार हाय तो. पप्पांचं काय अडलंय?"

माझं काय अडलंय याची यादी करायची म्हटली तर बाईला दुकान बंद करावं लागलं असतं. हेल्मेट घातलं की कळ येते. माणूस उजवीकडून बोलला की मी मान डोलावतो आणि काय म्हणाला ते चेहऱ्यावरून ओळखतो. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तिथंही सांगितलं नाही. म्हणालो, "कशाला अडतंय?"

बाई थोडा वेळ माझ्या कानांकडं बघत राहिली. मग मागच्या फळीवरून एक खोका काढला. आत डोक्यामागून जाणारी वाकडी पट्टी होती आणि तिच्या दोन टोकांना दोन गुंड्या. "हे कानात घालायचं न्हाय," ती म्हणाली. "गालाच्या हाडावर टेकतंय. आवाज हाडातनं आत जातोय. घुमी जरा कमी मिळंल, आदीच सांगतो."

मी म्हणालो, हाडातून कुठं आवाज जातो होय? तरी तिनं लावलं. पट्टी मानेमागं आणि गुंड्या कानांच्या पुढं अलगद टेकल्या. मी फुटाणे चावले. काही हललं नाही. मग तिनं हलगी लावली.

डावीकडं हलगी लागली. आणि उजवीकडं कैताळ वाजायला लागलं. माझ्या उजव्या बाजूला, टाळावर टाळ, अगदी जवळ. मी दचकून उजवीकडं बघितलं. तिथं भिंत होती.

"काय झालं?" पोरगी म्हणाली.

"उजव्या बाजूला वाजालंय."

"वाजणारच की. दोनी बाजूला वाजतंय ते."

तीस-पस्तीस वर्षांत माझ्या उजव्या बाजूला असं काही वाजलं नव्हतं. कानाचं दार बंद झालं होतं, आतला माणूस जागाच होता. मला रडू आलं. दुकानात, फुटाणे तोंडात असताना. बाईनं तोंड फिरवून खोके लावायला घेतले, तेवढी समज तिला होती. घड्याळात पावणेएक झाला होता. पोरगी माझ्याकडं बघत होती आणि तिचा उजवा कान दिव्याखाली लालबुंद दिसत होता.

मी पट्टी काढली आणि म्हणालो, "ती चाळीस मिन्टाची कुस्ती खोटी हाय."

तिला वाटलं चेष्टा करतोय.

"कुस्ती झालती. पर मी दीड मिन्टात चितपट झालतो. आनि कान त्याच्या आदीच म्हैनाभर मोडलं होतं." मग मी सगळं सांगितलं. सोळा वर्षांचा होतो. तालमीत सगळ्यांचे कान मोडलेले, माझेच शाबूत. मैदानात उतरलो की लोक 'ह्यो कोन नवशिका' म्हणायचे. म्हणून तालमीच्या मागं बसून सकाळ-संध्याकाळ गोणपाटानं कान घासले. तेवढ्यानं भागेना म्हणून एका जोडीदाराला वर गुडघा दाबायला लावला. सुजले तेव्हा कुणाला दाखवले नाहीत, पाणी काढू दिलं नाही. वस्तादांनी एक दिवस बघितलं आणि शाबासकी म्हणून पाठ थोपटली. ती शाबासकी मी कुस्ती न करता मिळवली होती आणि आजपर्यंत तीच खातोय. एवढं बोलून झाल्यावर मला जाणवलं की मी नेहमीसारखाच मोठ्यानं बोलत होतो आणि दारातली दोन गिऱ्हाइकं आत यायची थांबली होती.

पोरगी रडेल असं वाटलं. तिनं डबीचं झाकण फाटकन लावलं.

"खोटं बोललासा त्याचं काय न्हाय," ती म्हणाली. "लहान होतासा. पर चार दिस झालं मी ह्या कुशीवर टेकू शकंना झालोय. चार दिस दात खाऊन बसलोय, तुमच्यासारखा कान पायजे म्हणून. तवा का बोलला न्हाईसा?"

"बरं वाटालतं," मी म्हणालो. "माझ्यासारकं कुनाला तरी व्हायचं हाय म्हणून लई बरं वाटालतं."

"उठा," ती म्हणाली. "दीडला बंद व्हतोय."

बाईनं दोन्ही खोके बांधून दिले आणि पोरीला बजावलं, कान बरा झाल्याशिवाय उजवा घालायचा नाही, बरा झाला की ये, त्याचं रबर तेव्हा मापून देते. आम्ही एक वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी कान दाबून बघितला, म्हणाले, अजून मऊ आहे, सोमवारी आला असता तर मी हात जोडले असते. सुई घातली तेव्हा पोरीनं माझं मनगट असं धरलं की तिची निवड बरोबर झालीय याची मला खात्री पटली. पाऊण वाटी काळपट लाल पाणी निघेल असं मला वाटत होतं, निघालं चमचाभर. त्या चमचाभरासाठी मी चार दिवस फुगून बसलो होतो.

डॉक्टर पट्टी आणायला आत गेले. पोरगी डावी कूस खाली करून पडली होती. मी तिच्या उशाशी उभा होतो.

"पप्पा," ती म्हणाली, "एक इचारू? खरं सांगनार?"

"इचार."

"निवडीच्या दिवशी माझं नाव पुकारलं, तवा तुमाला ऐकू आलंतं काय?"

नाव पुकारणारा भोंगा माझ्या उजव्या हाताला होता आणि गर्दीच्या गलक्यात डाव्या कानाला काही कळलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतले लोक वळून माझ्याकडं बघून टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा मी वाजवल्या. घरी येऊन मात्र सांगितलं की नाव ऐकलं आणि ऊर भरून आला.

"न्हाय," मी म्हणालो.

ती उठून बसली. कानावर नुसता कापूस धरलेला. मला खांद्याला धरून तिनं वळवलं, तोंड माझ्या डाव्या कानाशी आणलं आणि मैदानातला माणूस पुकारतो तस्सा आवाज काढून स्वतःचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, मधे माझं नाव, मग वजनगट, मग कोल्हापूर. बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठून दारात आले आणि डॉक्टर पट्टी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

मी कुणाकडं बघितलं नाही. टाळ्या वाजवल्या.