सहावी खुर्ची

"उठ वं बाई, उठ. फोटो काढून राह्यले. तुह्या टाचा पाह्य कशा हायेत!"

पाळकीणबाई माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या होत्या. पुढ्यात परात, खांद्यावर पांढरा टॉवेल. परवाची, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाची उपासना. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून आमच्या मंडळीत दरवर्षी बारा जणांचे पाय धुतात. सहा पुरुषांचे पाळकसाहेब, सहा बायकांचे पाळकीणबाई. नावं आधीच ठरतात. डॉक्टरीणबाई, मास्तरीणबाई, राइस मिलवाल्यांची सून. सगळ्या घरून पाय घासून, नखं रंगवून येतात.

यंदा मिलवाल्यांच्या सुनेला उशीर झाला. सहावी खुर्ची मोकळी दिसायला नको म्हणून मागच्या चटईवरून मला बोलावलं. मी ढिवराची बाई. गावच्या तलावात मासे धरते. पाय धुऊन आले होते, पण भेगांत बसलेला गाळ साबणाने निघत नाही.

मी उठले. निमूट उठले, याचीच चीड जास्त येते. तेवढ्यात सून आली, साडी सावरत बसली. पाळकीणबाईंनी तिचा पाय हातात घेतला, धुतला, पुसला. मग परात माझ्याकडे सरकवली.

"मन लहान नको करू. नम्र मानसाले देव उंच करते. जा, पानी फेकून ये बरं."

नम्र. बाप्तिस्मा घेतल्यापासून हा शब्द ऐकते आहे. चर्च मी झाडायचं, नम्र रहा. प्रीतिभोजनात मी शेवटी जेवायचं, नम्र रहा. मिलवाल्यांच्या घरात कोणाला हा शब्द सांगितलेला मी ऐकला नाही.

परात घेऊन दारापर्यंत गेले. उजेडात पाहिलं. पाणी नितळ. सहा जणींचे पाय धुतले आणि तळाला मातीचा कण नाही.

मी परत फिरले. परात पाळकीणबाईंसमोर ठेवली.

"बाई, ह्यात मळच नाई. मंग तुमी धुतलं काय?"

"शांतीनं घे, बाई," पलीकडून पाळकसाहेब म्हणाले.

"साहेब, प्रभूचा शिष्य पेत्र कोन होता? मासेच धरे ना, आमच्यासारखे? त्याच्या टाचा पाहून प्रभू त्याले उठ म्हनला काय?"

मिलवाल्यांच्या सुनेच्या सासूबाई लगेच बोलल्या, "चर्चात आली अन् लीडर झाली!"

काल पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "पाळकीणबाईची माफी माग. नाईतर ईस्टरच्या प्रभुभोजनात तुले भाकर भेटनार नाई."

मी माफी मागितली नाही.

वाकायला मला लाज नाही. शेजारची म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, तिची घाण मी काढते. ते मी माझ्या मनानं करते. प्रभूही स्वतःहून खाली बसला होता. त्याची मान कोणी दाबली नव्हती. दुसऱ्याची मान दाबायची आणि त्याला नम्रता म्हणायचं, हे मी यापुढे ऐकून घेणार नाही.

चर्च सोडणार नाही. उद्या ईस्टर. प्रभुभोजनाच्या रांगेत मी उभी राहणार आणि पाळकसाहेबांपुढे हात करणार. भाकर द्यायची नसेल तर त्यांनी तिथेच, सगळ्या मंडळीसमोर, माझ्या तोंडावर नाही म्हणावं.