पायडलखालचा नंबर

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत सायकली अजूनही चोरीला जातात, पण सुखानं जात नाहीत, आणि याचं सगळं श्रेय बडनेऱ्याच्या माझ्या मामेसासऱ्यांना आहे. मामाजींनी उभी हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. तिथं ज्या नगावर मार्का नाही, तो माल बेवारस. रिटायर झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या हिशेबानं गावातल्या यच्चयावत सायकली बेवारस आहेत. झालं! आकड्यांचे लोखंडी ठसे आणले, हातोडी घेतली आणि दिसेल ती सायकल उलटी करून पायडलच्या आसाखाली ठोकाठोक सुरू केली. परवानगी वगैरे भानगडी त्यांना मंजूर नव्हत्या. मी सायकलवर मुलगी पाहायला गेलो, तर पोहे अर्धवट टाकून हे गृहस्थ गायब, आणि अंगणातून ठण् ठण् आवाज. बघतो तर माझी सायकल चाकं वर करून पडलेली. मुलगी पसंत आहे की नाही हे मी सांगायच्या आत सायकल त्या घरची होऊन बसली होती.

ठसा उमटला की नोंदणी. नोंदणी म्हणजे मोबाईलवर फोटो. मालकानं हँडल धरून, मान ताठ ठेवून उभं राहायचं, अगदी लग्नातल्या जोडप्यासारखं. कोणी हसलं की मामाजी भडकत. "हासता काहून? उद्या चोर सापडला त हा फोटो दाखवा लागते त्याले!" पण खरी गंमत पुढंच आहे. प्रत्येक सायकलवर नंबर ठोकलेला असे तो मालकाचा नव्हे, मामाजींच्या स्वतःच्या मोबाईलचा! मी विचारलं तर म्हणाले, "जवाईबापू, लोकं सिमकार्ड बदलून राहिले कपड्यावानी. माहा नंबर मरेपर्यंत हाच." त्यामुळे त्यांचा फोन कधी बंद नसे. मेळघाटात एका नात्यातल्या लग्नाला गेलो, तर मांडव सोडून मामाजी आपले टेकाडावर बसलेले, कारण रेंज तिथंच. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. त्या आमच्यापर्यंत पोचल्या नाहीत, पण भावना पोचली.

मग एकदा अकोटजवळ एका गोदामात चोरीच्या सायकलींचा ढीग सापडला. ठाण्यातल्या साहेबांनी सायकली उलट्या केल्या, तर बऱ्याच सायकलींवर एकच नंबर. त्यांनी फोन लावला आणि मामाजी मिळेल त्या एसटीनं, डोक्याला रुमाल बांधून, आनंदानं हजर! साहेबांनी विचारलं, "या तुमच्या?" मामाजी छाती फुगवून म्हणाले, "हो! साऱ्या आपल्याच हायेत!" चोरांचा म्होरक्या आपल्या पायानं चालत आल्यावर कोणता पोलीस त्याला सोडील? त्यांना ठाण्यात बसवून ठेवल्याचं कळताच मी धावतपळत पोचलो, तोवर मात्र चित्र पालटलं होतं. मामाजी बाकावर बसून एकेका मालकाचा फोटो दाखवत होते, साहेब चहा पाजत होते, आणि एक शिपाई आपली सायकल आत आणून हळूच उलटी करत होता. टेम्पोतून सायकली बडनेऱ्याला आल्या. डबे पोचवणाऱ्या सुनंदाबाईंना त्यांची सायकल मिळाली तेव्हा त्या रडल्या. मामाजी त्यांच्यापेक्षा जास्त रडले.

पुढं मामी गेल्या. मामाजींचं हृदय कुरकुरायला लागलं आणि मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. मामाजी हटून बसले. मुलगा म्हणाला, "बाबा, फोन काय, तिकडंही लागतो." "फोन लागते रे. पन कोनाची सायकल सापडली त पुन्याहून अकोटले जाईन कोन?" शेवटी तो फोन त्यांनी माझ्या हातात ठेवला, लेक सासरी धाडावी तशा चेहऱ्यानं, आणि गेले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो फोन वाजायचा. पलीकडे मामाजीच. "कोनाचा आलता काय?" मी म्हणायचो, नाही. "बरं हाय. सायकली जागेवर हायेत म्हनजे." पण फोन काही ठेवायचे नाहीत. नुसता श्वास ऐकू यायचा. मला ते सहन होईना हो. गेल्या महिन्यात मी सरळ ठोकून दिलं, "मामाजी, एक सायकल गेली!"

"गेली? हात नोका लावू कशाले! मी येऊन राहिलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेरा स्टेशनवर उतरले. किती वाळले होते! आता काय सांगावं या विचारानं माझा चेहरा पडलेला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"चोरी झालीच नाई ना, जवाईबापू?"

"नाही मामाजी."

"मले फोनवरच समजलं. कोनाची गेली, ते तुमी सांगतलंच नाई." मग माझा दंड धरून पायऱ्या चढता चढता म्हणाले, "पन लय दिवसांनी वाटलं बापा, कोनाले तरी माहं काम पडलं."