धोट्याची पांजणी

कौशल्याबाई कुत्र्याची वेणी घालते, ही बातमी आंधळगावात पसरली ती शेजारच्या निर्मलाबाईमुळे. खरं तर वेणी नव्हती, नुसतं विंचरणं होतं. पण निर्मलाबाईच्या तोंडून गोष्ट निघाली की पुरीसारखी फुगूनच निघते. तिचं वाक्य 'अवो माय'ने सुरू होतं, 'नाही का वो'ने संपतं, आणि मधे जे मावेल ते मावतं.

"अवो माय, लेकीचे केस नाही विंचरले एवढे, कुत्र्याचे विंचरून राहिली, नाही का वो!"

कौशल्याबाईला लेक नव्हतीच, पण तेवढ्यासाठी निर्मलाबाई वाक्य बदलणार थोडीच.

कुत्रा मुळात अंकुशचा. अंकुश कौशल्याबाईचा एकुलता एक, पुण्याला कंपनीत. दिवाळीला आला तर बॅगेतून फराळाआधी पिल्लू निघालं. घरमालकाने 'एकतर तो, नाहीतर तू' असं सांगितलं होतं, आणि अंकुशला खोली सोडवत नव्हती. "आई, अगं लाँग-हेअर्ड डॅशहंड आहे हा. खूप गोड ब्रीड असतं गं," तो म्हणाला. पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडात 'गं' फार झाला होता. मग पिल्लाने त्याच्या नव्या बुटात कार्यक्रम उरकला, तसा 'गं' पळाला. "अबे काहून बे! मायाच बूट भेटला का तुले?"

पिल्लू दिसायला अजबच. अंग लांबच लांब, पाय नावापुरते, कानांना झालर, शेपटीला पिसारा, आणि रंग अस्सल कोशाचा, मधासारखा. अंकुशचे बाबा भैय्यालाल कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारे. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि निकाल दिला, "देवानं अंगाले दोन कुत्र्यांचं कापड लावलं, मंग पायासाठी उरलंच नाही."

नाव ऑस्कर होतं. पण ते मागाखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुळकन जायचं आणि सुळकन परत यायचं, ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी धोट्यासारखं. कौशल्याबाईने त्याला धोटा म्हणायला सुरुवात केली. पिल्लाने लगेच कान टवकारले. ऑस्करला ते कधी वळूनही बघत नव्हतं.

अंकुश पुण्याला परतला आणि भैय्यालालने अट घातली. भैय्यालालची सवय अशी, की माग चालू असताना बोलायचं असेल तर मागाच्या तालातच बोलायचं.

"कुत्रा..." खट्. "राहू दे..." खट्. "पण कापडात..." खट्. "एक जरी केस सापडला..." खट्. "तं लाखनी."

अटही फुकाची नव्हती. मागे एकदा मांजराच्या केसापायी कापड घेणाऱ्या शेटजीने अख्खं थान परत पाठवलं होतं. आणि लाखनी म्हणजे भैय्यालालच्या चुलतभावाचा, श्यामरावचा ढाबा. त्याला राखणीला कुत्रा हवाच होता. कौशल्याबाई त्या ढाब्यावर एकदा जाऊन आली होती. समोरून हायवेचे ट्रक जायचे तर बाजेवरची पाण्याची गिलासं थरथरायची. तिने धोट्याकडे पाहिलं. हा तर चाकाच्या अर्ध्यालाही पोहोचत नव्हता. ड्रायव्हरला दिसणार तरी कसा?

ती होव म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. रहाटावर धाग्याच्या कांड्या भरत राहिली. पण धोटा कुठेही जाणार नाही, हे तिने त्याच बैठकीत ठरवून टाकलं.

हिवाळाभर सगळं बरं चाललं. पिल्लाचे केस तेव्हा आखूड होते. उन्हं चढू लागली तसे ते वाढले. छातीवर, पोटाखाली, मांड्यांच्या मागे रेशीम लोंबायला लागलं आणि गळायलाही लागलं. दारात केस, वरणात केस, भैय्यालालच्या मिशीत केस. कौशल्याबाई झाडू घेऊन त्याच्या मागे, तो झाडूच्या मागे. शेवटी तिने डोकं लावलं, आणि तिचं डोकं कोष्ट्याघरच्या बाईचंच. माग चालवणाऱ्या घरात धागा फुसफुसला, तंतू उडायला लागले, की काय करतात? पांजणी करतात. ताणा गल्लीत ताणून बांधायचा, त्याला तांदळाची खळ लावायची, कुंच्याने सरळ करायचा आणि उन्हात वाळवायचा. मग एक तंतू हलत नाही.

तिने धोट्याची पांजणी केली.

खळ पातळ केली, कोमट केली, हाताने चोपडली, मऊ कुंचा मानेपासून शेपटीपर्यंत फिरवला. धोट्याला मजा वाटली, अर्धी खळ त्याने चाटूनच खाल्ली. उन्हात वाळला तेव्हा इतका गुळगुळीत, इतका चमकदार दिसला, की निर्मलाबाईसुद्धा मधला मजकूर विसरली. "अवो माय... नाही का वो!"

संध्याकाळी धोटा उठला तर कडक. पापडासारखा. चालताना पोटाखालून करकर वाजायचं. दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या शोधत आल्या, मग त्याने स्वतः सांडपाण्याची जागा शोधली, लोळला, खाजवला, चावला. दोन-चार दिवसांत कानामागे, काखेत, बोटांच्या मधे अशा गाठी बसल्या की कंगवा शिरेना. हात लावला की ओरडायचा. कौशल्याबाईच्या अंगठ्याला एकदा दातही लागले.

भैय्यालाल मागावरून हसला. "पांजणी..." खट्. "कुत्र्याची..." खट्. मग हसू इतकं आलं की मागच थांबला.

श्यामराव नेमका तेव्हाच आला, लग्नाची पत्रिका घेऊन. श्यामराव हायवेवर राहून अर्धा हिंदी झालेला, आणि त्याचा आवाज नेहमी ट्रकच्या हॉर्नवरून बोलावं तसा. "अरे वैनी! टेन्शन काहेका? मशीन मारून टाकू, एकदम सफाचट! गर्मी में बिचाऱ्याले आराम, तुमालेबी आराम. मी आत्ताच नेतो ना जी गाडीवर!"

"नेऊन टाक," भैय्यालाल म्हणाला. "केस सापडायची वाट काहून पाहाची?"

श्यामरावने एका हाताने धोट्याला पुढच्या पायांना धरून उचललं. मागचं सगळं अंग हवेत लोंबलं. धोटा किंचाळला.

"खाली ठेवा त्याले," कौशल्याबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण श्यामरावने ठेवलं. "भाऊजी, तुमी पत्रिका द्याले आले ना? दिली. चहा घ्या. कुत्रा माया हातानं बिघडला, माया हातानंच नीट होईन."

चहा घेऊन श्यामराव गेला. पत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहिलेलं होतं. "कुत्र्यासकट येजा वैनी!" तो फटफटीवरून ओरडला.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई धोट्याला कापडी पिशवीत घालून मोहाडीच्या बसमध्ये चढली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कोंबडी का?" पिशवीतून लांब नाक बाहेर आलं. "नाही बापा, हे तं काहीतरी नवीनच आहे," असं म्हणत त्याने पिशवीचंही तिकीट फाडायला घेतलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, तसं परत ठेवलं.

मोहाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात तृप्तीताई नावाच्या डॉक्टर होत्या. भराभर बोलायच्या, जणू बाहेर गाई रांगेत उभ्या आहेत. आणि खरंच उभ्या होत्या. खळीची हकिकत ऐकून त्यांनी आधी ओठ दाबले, मग खिडकीकडे वळून हसून घेतलं, मग कामाला लागल्या.

"हे बघा मावशी, तांदळाचंच आहे ना? मग कोमट पाण्यात भिजवून आधी खळ उतरवा. चोळायचं नाही, चोळलं की गाठ आवळते. पूर्ण वाळू द्या. मग गाठी. कातडी लाल झाली आहे तिथे हे मलम. उचलताना एक हात छातीखाली, एक मागे. पाठ लांब आहे, मणका दुखावला तर मागचे पाय जातात. पायऱ्या नको, उड्या नको. कापायचं म्हणाल तर मी गाठीच कापीन, अंगभर मशीन नाही मारणार. यांचे केस मग नीट येत नाहीत कधीकधी. पण खरं सांगू? एवढ्या गाठी सोडवायला फार वेळ जाईल. आहे का तुमच्याकडे?"

"नाही," कौशल्याबाई म्हणाली. "पण सोडवीन."

वाटेत तिने बाजारातून एक रुंद दातांची फणी घेतली आणि रात्री अंकुशला फोन लावला. त्याच्याकडून डॉक्टरांनी सांगितलेला स्लिकर नावाचा तारांचा ब्रश कुरिअरने मागवला. "अगं आई, त्याच्यात अंडरकोट, आतली बारीक लव, निघते गं," अंकुश सांगायला लागला. "तू ब्रश पाठव," ती म्हणाली, "गं नको पाठवू."

मग ती बसली. मागच्या पडवीत, बारदान्यावर, धोट्याला मांडीवर उताणा घेऊन. गुंता तिला नवा नव्हता. कोशाचा गुंता ओढला तर तुटतो, ढिला सोडला तर सुटतो, आणि सुरुवात नेहमी टोकाकडून करायची, मुळाकडून नाही. ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. फरक एवढाच, की कोसा चावत नाही.

पहिल्या दिवशी एका कानामागची निम्मी गाठ सुटली आणि तिच्या हातावर तीन ओरखडे आले. दुसऱ्या दिवशी धोटा फणी बघताच तांदळाच्या कोठीमागे जाऊन बसला. तिने ओढून काढलं नाही. फणी बाजूला ठेवली आणि मुरमुरे खात बसली. एक स्वतःला, एक जमिनीवर. नाक आलं, मग कान आले, मग बाकीचा धोटा येतच राहिला, संपेचना. त्या दिवशी तिने फणी लावलीच नाही, फक्त त्याचे पंजे हातात धरले, बोटं उघडून पाहिली, कानात पाहिलं, आणि मुरमुरा दिला. असं रोज. पंजा दिला तर मुरमुरा, दात दाखवले तर काही नाही, ना रागावणं ना लाड. निर्मलाबाई कुंपणावरून बघायची.

"अवो माय, कापून टाक ना वो! केसच ते, येतीनच, नाही का वो."

"तुई पोरगी रडली म्हून टक्कल केलं का तिचं?"

"मायी पोरगी कुठी कुत्रा आहे?"

"मंग सारखी लेकीची गोष्ट काहून काढतं?"

"अवो माय..." एवढंच म्हणत निर्मलाबाई कुंपणावरून घरात वळली.

काखेतल्या गाठी सर्वांत हट्टी. खोबरेल तेलाचा थेंब, बोटांनी मोकळं करणं, मग फणी, मग ब्रश. एक गाठ काही केल्या सुटेना, ती तिने कातडी आणि गाठीच्या मधे फणी आडवी घालून वरून कापली. तेवढीच. बाकी सगळ्या सुटल्या. उन्हाळा ऐन भरात आला तेव्हा सकाळी फणीचा आवाज झाला की धोटा स्वतः येऊन बारदान्यावर आडवा पडायचा आणि पोट वर करायचा.

कौशल्याबाईने नेमही लावून घेतला. विंचरायचं लुगडं वेगळं. विंचरणं झालं की निघालेले केस मडक्यात, लुगडं दोरीवर, हातपाय धुऊन मगच कांड्यांना हात. भैय्यालालला नेम दिसत होता. पण अट त्याने मागे घेतली नाही.

मागावरून थान उतरलं तेव्हा दोघांनी ते अंगणात नेलं. एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे, उन्हासमोर धरून हातभर पुढे, हातभर पुढे. भैय्यालालचे डोळे आता आधीसारखे नव्हते, पण ते तो कबूल करत नव्हता. नवरा डोळ्यांनी बघत होता, ती तळहाताने.

तळहात एका ठिकाणी अडला.

कोशाच्याच रंगाचा. बाण्याच्या धाग्यासोबत आडवा विणला गेलेला, बोटभर लांब. तिने भैय्यालालकडे पाहिलं. तो पुढच्या हातभर कापडावर पोहोचला होता, "हं, ठीक. हं, ठीक," करत. त्याला दिसला नव्हता. दिसणारही नव्हता. शेटजीला मात्र दिसला असता.

कापड पुढे सरकवायचं, एवढंच करायचं होतं.

"थांबा जी," ती म्हणाली. "इथी आहे."

"काय?"

"केस."

तो आला. चष्मा वर केला, खाली केला. "कुठी? मले तं..." तिने त्याचं बोट धरून जागेवर नेलं. बोट थबकलं. दारात धोटा झोपला होता.

"मंग?" भैय्यालाल म्हणाला. "आपलं काय ठरलं होतं?"

"तुमचं ठरलं होतं. मी होव कुठी म्हटलं?" तिने कापड खाली केलं नाही. "आयका. केस एकच आला, एवढ्या कोशात. पुढच्या थानात तोही येणार नाही, ते मी पाहीन. पण कुत्रा लाखनीले गेला तं मीही थान पाहाले येणार नाही, कांड्याही भरणार नाही. मंग आणा लाखनीवरून श्यामराव भाऊजीले. ते पाहतीन केस. 'अरे वैनी, टेन्शन काहेका!'"

तिने श्यामरावचा आवाज इतका हुबेहूब काढला की धोटा दचकून उठला आणि भुंकायला लागला.

भैय्यालालने मिशीवरून हात फिरवला. आत गेला, मागावरची छोटी चिमटी घेऊन आला, कापडावर वाकला, चिमटी दोनदा हवेत मिटली. मग त्याने ती कौशल्याबाईच्या हातात दिली.

"तूच काढ," तो म्हणाला. "बाण्याले धक्का लागू नको देऊ."

तिने श्वास धरून केस काढला आणि नखाने जागा सारखी केली. भैय्यालालने बोट फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं, आणि मान हलवली.

"श्यामरावले फोन करजा," ती म्हणाली.

"करतो."

"आत्ता."

त्याने केला. पलीकडचा आवाज अंगणभर ऐकू आला. "नाही जी," भैय्यालाल म्हणाला, "नाही येत तो. इथीच राहते. काहून म्हंजे? मालकीण सोडत नाही."

फोन ठेवून तो मागच्या खोलीत गेला आणि जुन्या फळ्या उलटसुलट करू लागला. माग-खोलीच्या दाराला अडसर लावायचा, म्हणाला. कौशल्याबाईला वाटलं, पूर्ण जाळीचं दार करतो की काय. पण त्याने धोट्याला दाराशी उभं केलं, वीत लावून मापलं, आणि गुडघ्याएवढी एकच फळी ठोकली. एवढ्याशा पायांच्या कुत्र्याला तेवढी पुरली.

त्याला स्वतःला मात्र आता मागावर जाताना रोज ती ओलांडावी लागते. एक पाय वर, "अरे माय", दुसरा पाय वर, "मेलो बापा". फळीच्या अलीकडे धोटा बसलेला असतो, विंचरलेला, शेपटी आपटत.